नागोराव फोरमनची सही

नवऱ्याचा दिवस कुठे गेला, हे राहीबाईंना विचारावं लागत नसे. संध्याकाळी शर्ट बादलीत बुडवला की पाणीच सांगायचं. निळं पाणी आलं तर पलीकडच्या शेडमधली मोठी टाकी, पिवळसर आलं तर गाळणीचं मशीन, आणि नुसतंच मातकट काळं आलं तर आज पंप उघडला होता. कापडावर छापायचे रंग बनवणाऱ्या बोईसरच्या त्या कंपनीत नागोरावांनी तीस वर्षं काढली, आणि तेवढीच वर्षं राहीबाईंची बादली रंगत राहिली.

नागोराव मूळचे हिंगोलीकडचे. पंच्याण्णव साली मेव्हण्याच्या ओळखीने बोईसरला आले, तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि आयटीआयचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलं होतं. लागले मात्र हेल्पर म्हणून. मग फिटर झाले, मग सीनियर फिटर, आणि दोन हजार नऊ साली फोरमन. या पायऱ्या चढायला चौदा वर्षं लागली. त्यामुळे पायरी ही चीज किती महागाची असते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

फोरमन झाल्यावर पगार थोडा वाढला, टोपीचा रंग बदलला. पण नागोरावांच्या लेखी फोरमन होणं म्हणजे सही हातात येणं. कंपनीत पाइप उघडायचा असो, टाकीत माणूस उतरवायचा असो की पंखा दुरुस्त करायचा असो, आधी परमिट भरायचं. पिवळा कागद, त्यावर तीन सह्या. ज्याला काम करायचंय त्याची, फोरमनची आणि प्लँट मॅनेजरची. नागोराव खुर्चीत बसून सही करत नसत. आधी जाऊन वॉल्व्ह स्वतः फिरवून बघायचे, पाइपला हाताची पालथी बाजू लावायचे, पोराला ताप आलाय का बघताना लावतात तशी, आणि मगच खिशातलं पेन काढायचे.

याला कारण होतं. त्यांना काम शिकवणारे आत्माराम फिटर हे किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातले. सत्याण्णव साली कुणीतरी वरच्या मजल्यावरून ओरडून सांगितलं, "खोल, लाइन खाली हाय." आत्मारामांनी नट सैल केला. लाइन रिकामी नव्हती. कोपरापासून मनगटापर्यंत ॲसिड सांडलं. दोन महिन्यांनी कामावर परतले तेव्हा त्यांनी नागोरावांना बाजूला घेतलं. "नाग्या, तोंडाने कोन पन काय पन सांगतो. कागद हातात आल्याबिगर हात लावायचा नाय." नागोरावांनी ते ऐकलं, आणि फोरमन झाल्यापासून पंधरा वर्षांत त्यांच्या सहीखाली कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

पण या सहीला दुसरीही एक बाजू होती, आणि ती नागोराव सोडून बाकी सगळ्यांना दिसायची. प्लँट मॅनेजर एकनाथ सर मुंबईच्या ऑफिसला गेले की पिवळा कागद टेबलावर पडून राहायचा आणि चार माणसं पिंपांवर बसून राहायची. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वरून येऊ दे." एकदा साधी गळकी तोटी बदलायला पाच तास गेले होते. खालच्या माणसाला काही सुचलं तर ते त्याने फिटरला सांगायचं, फिटरने फोरमनला, फोरमनने इंजिनिअरला. वर पोचेपर्यंत त्यातलं निम्मं गळून जायचं. म्हणून खालच्या माणसांनी सांगणंच सोडून दिलं होतं.

जोवर कंपनी पाच रंग बनवत होती आणि वर्षानुवर्षं तेच बनवत होती, तोवर हे चालून गेलं. मग गिऱ्हाईक बदललं. भिवंडीच्या आणि सुरतच्या छपाईवाल्यांना महिन्याला पंचवीस छटा हव्या झाल्या, प्रत्येकी थोड्या थोड्या, आणि त्याही आठवड्याभरात. दर दोन दिवसांनी टाकी धुवा, पाइप उघडा, गाळणी बदला. आणि प्रत्येक वेळी पिवळा कागद. दोन मोठी गिऱ्हाइकं सोडून गेली तेव्हा मालकांचा मुलगा मेहुल पुण्याहून शिकून परत आला आणि त्याने सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं.

"आजपासून चार टीम," मेहुल म्हणाला. तिशीतला पोरगा, बाह्या दुमडलेला, मराठी बरं बोलायचा. "प्रत्येक टीममध्ये फिटर पण, ऑपरेटर पण, लोडर पण, लॅबमधलं एक माणूस पण. काम दिसलं की आपसात ठरवायचं आणि करून टाकायचं. वर विचारायला यायचं नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग वरच्यांनी काय करायचं?"

सगळे हसले. मेहुलही हसला. "वरचे ऑर्डर आणतील."

नागोराव हसले नाहीत. "आणि परमिट?"

"नागोरावभाई, तीन महिने ट्रायल. प्रत्येक टीमचा फोनवर ग्रुप असेल. पाइप उघडायच्या आधी त्यावर फोटो टाकायचा. टीममधले दोघं हो म्हणाले की झालं. तुम्ही मार्गदर्शक, म्हणून चारही ग्रुपमध्ये फक्त तुम्ही असणार. तीन महिन्यांनी बघू, फोरमनची सही ठेवायची की काढायची."

एकनाथ सर खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांचीही सही जाणार होती, पण त्यांना खुर्ची होती, केबिन होती. नागोरावांकडे सही सोडून दुसरं काय होतं?

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी हे घरी सांगितलं.

"मार्गदर्शक म्हंजे काय करायचं असतं?" राहीबाईंनी विचारलं.

"काय की. बघत बसायचं."

"मग बसा की. तीस वर्षं उभेच हायेत."

"अगं, माझी सही काढून घ्यायलेत."

"घरात तरी कुठं लागते तुमची सही?" त्या म्हणाल्या आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली. नागोरावांना हसू आलं नाही. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे प्रकरण दिसतं तेवढं हलकं नाही.

पुढच्या आठवड्यांत शर्ट कोरे येऊ लागले. राहीबाई बादलीत बुडवायच्या आणि पाणी जसंच्या तसं राहायचं. पहिल्या दिवशी त्यांना बरं वाटलं. चौथ्या दिवशी त्यांनी शर्टाला नाक लावून बघितलं, हा माणूस कामावर जातोय ना. नागोराव जात होते. आठ तास शेडच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून असायचे. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं आणि आपण होऊन बोलायची त्यांना सवय नव्हती.

वाजत होता तो फक्त फोन. चार ग्रुप, दिवसाला दोनशे निरोप. टाकीचे फोटो, गाळणीचे फोटो, "झालं", "बघतो", "आलो", मध्येच गुड मॉर्निंगचं फूल. सुरुवातीला नागोरावांनी वाचायचा प्रयत्न केला. मग त्यातल्या प्रत्येक "झालं"वर चीड येऊ लागली. आपल्याला न विचारता झालं, हेच त्यांना ऐकू यायचं. रविवारी त्यांनी फोन मुलीपुढे ठेवला. ज्ञानेश्वरी कोळगावला जिल्ह्याच्या कचेरीत लिपिक आहे. तिच्याही फोनवर असे ग्रुप पुष्कळ.

"याचा आवाज बंद कर बाई."

"आठ तासांसाठी करू, एका आठवड्यासाठी, की कायमचा?"

"कायमचा."

"बाबा, कामाचे ग्रुप आहेत. आमच्याकडे असं केलं तर साहेब फाडून खातील."

"माझ्याकडे आता साहेबही कुणी नाही आणि कामही. कर तू."

तिने चारही ग्रुप गप्प केले. नागोरावांनी फोन खिशात टाकला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा दुपारी झोपले.

ट्रायलच्या सहाव्या आठवड्यात एक गोष्ट घडली, आणि ती नागोरावांना फार लागली. निळ्या टाकीला रंग ढकलणारा एक पंप होता. त्याच्या आतलं, गळती अडवणारं सील दर वीस-बावीस दिवसांनी जायचं. सहा वर्षांत नागोरावांनी ते किती वेळा बदललं असेल याची गणती नाही. सील बनवणाऱ्या कंपन्या बदलून झाल्या, एकनाथ सरांनी वर तीन अहवाल पाठवले, सगळ्यांत एकच निष्कर्ष, माल हलका. आता पहिल्या टीमची मंडळी कँटीनमध्ये त्यावर बोलत बसली असताना सुजीत लोडर सहज म्हणाला, "तो तर दर सोमवारी सुका चालतो."

सुजीत किनाऱ्यावरच्या नवापूरच्या बाजूचा, कोळ्यांचा. वय तीसेक. पोती उचलायचं काम, म्हणून शेड सकाळी सगळ्यात आधी तोच उघडायचा.

"सुका म्हणजे?" लॅबमधल्या जागृतीने विचारलं.

"रविवारी बंद असतो ना, तर पायपातलं पानी उतरून जातं. सोमवारी बटन मारलं की अर्धा मिनिट नुसता किंचालतो. बोटीवर पन असंच. पानी धरायच्या आधी मशीन मारलं की आतला माल जलतोच. बाबांनी दोनदा शिव्या घातल्यात मला त्याच्यावर."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"कोनाला सांगू? माजं काम पोती उचलायचं."

दोन दिवसांत टीमने पंपाच्या डोक्यावर पाणी भरायची छोटी बाटली बसवली. महिना गेला, सील गेलं नाही. मेहुलने सुजीतला कँटीनमध्ये उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. नागोरावांनीही वाजवल्या. त्यांना त्या पंपाचा प्रत्येक नट ठाऊक होता, पण सोमवारी सकाळी सात वाजता ते कधीच तिथे नव्हते. आणि जो होता त्याला त्यांनी सहा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

घरी येऊन एवढंच म्हणाले, "पंप सुधारला." 

ट्रायल संपायला नऊ दिवस होते. बुधवारची सकाळ. निळ्या टाकीच्या टीमला गरम पाण्याच्या लाइनच्या सांध्यातलं पॅकिंग बदलायचं होतं. त्यांनी शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. वॉल्व्ह बंद केला, फोटो काढला, आपल्या ग्रुपवर टाकला. दोघं हो म्हणाले. लाइन निवायला आठ मिनिटं जाऊ द्यायची ठरलं. हीच लाइन भिंतीपलीकडे गाळणीच्या मशीनला जाते. तिथल्या टीमला गाळणी धुवायची होती. पाणी येईना म्हणून त्यांच्यातला एकजण वॉल्व्हपाशी आला. बंद दिसला. त्यानेही शिकवल्याप्रमाणे केलं. फोटो काढला, "वॉल्व्ह कोणीतरी बंद ठेवलाय, उघडतोय" असं आपल्या ग्रुपवर लिहिलं. त्याचेही दोघं हो म्हणाले. त्याने वॉल्व्ह उघडला.

भिंतीच्या अलीकडे सुजीत पाना धरून बसला होता. वेळ झाल्यावर त्याने नट सैल केला आणि सांध्यातून ऐंशी अंशांचं पाणी त्याच्या उजव्या पायावर आलं.

कंपनीच्या गाडीतून नागोरावच त्याला दवाखान्यात घेऊन गेले. घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत भाजलं होतं. डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल, पण पाच-सहा आठवडे जमिनीवर टेकवायचा नाही. सुजीतच्या बायकोला कळवायला हवं, म्हणून नागोरावांनी बाकावर बसून फोन काढला आणि नंबर शोधायला चुकून त्या गप्प केलेल्या ग्रुपांवर बोट पडलं.

एका ग्रुपवर दहा बावन्नचा फोटो. दुसऱ्या ग्रुपवर दहा चोपन्नचा. वॉल्व्ह तोच, त्यावरचा पिवळ्या रंगाचा डागसुद्धा तोच. सुजीतला दाखल करताना भरलेल्या कागदावर अपघाताची वेळ लिहिली होती, अकरा वाजून एक मिनिट.

दोन्ही टीमनी आपापल्या माणसांना सांगितलं होतं. दोन्हीकडे असलेला माणूस अख्ख्या कंपनीत एकच होता, आणि तो सात मिनिटं खुर्चीत बसून दाराबाहेरच्या कुत्र्याकडे बघत होता.

पुढचे तीन दिवस कंपनीत एकच बोलणं. एकनाथ सर भेटेल त्याला सांगत होते, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो." फिटर मंडळी नागोरावांपाशी येऊन हळूच म्हणायची, "मामा, तुमची सही असती तर हे झालं नसतं." यूपीचा एक ऑपरेटर तर हात जोडून म्हणाला, "चाचा, वो पीला कागज वापस लाओ." नागोराव मान हलवायचे. तीस वर्षांत त्यांच्या सहीला एवढा मान कधी मिळाला नव्हता. घरी त्यांना जेवण जात नव्हतं.

रविवारी सकाळी राहीबाई म्हणाल्या, "उठा. त्या पोराला बघून येऊ. डबा केलाय मी."

सुजीतचं घर खाडीच्या अंगाला. पुढच्या पडवीत तो खाटेवर पाय वर करून पडला होता. त्याची बायको रुचिता बोंबील निवडत होती. राहीबाईंनी डबा तिच्या हातात दिला आणि आपणही तिच्याशेजारी बसून टोपली पुढे ओढली.

"मामा, पंप कसा हाय?" सुजीतने विचारलं.

"चालतोय." नागोराव एकदम म्हणाले, "सुजीत, दोन्ही फोटो माझ्या फोनवर आले होते. सात मिनिटं आधी. मी ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला होता."

सुजीतने पायाकडे बघितलं. "तुमी बघितलं असतं तरी सात मिनटात तिथं पोचला असता काय?"

"पोचायचं कशाला? तुला फोन केला असता."

रुचिताने हातातला बोंबील टोपलीत टाकला. "मामा, एक इचारू? हे शेटला सांगितलं काय?"

"नाही."

"मग आमाला सांगून तुमी मोकले झाले. बरं वाटलं ना? आता जेवन जाईल."

"रुची," सुजीत म्हणाला.

"रुची काय? खाटेवर तू पडला हाय. उद्या यांचा कागद परत येईल, पाया पडतील सगले यांच्या. आनि तुला परत पोती उचलायला लावतील, तोंड बंद ठेवून. पंपाचं कोन इचारनार तुला?"

परत येताना रिक्षा नाक्यापाशी आल्यावर राहीबाई म्हणाल्या, "पोरगी खोटं बोलली का?"

"नाही."

"मग झालं."

सोमवारी दहा वाजता मेहुलच्या केबिनमध्ये बैठक होती. एकनाथ सर, चारही टीमचं एकेक माणूस आणि नागोराव. पहिल्या टीमकडून जागृती आली होती. वाणगावची, सव्वीस वर्षांची, डिप्लोमा झालेली. मेहुल चार दिवसांत वाळल्यासारखा दिसत होता.

"ट्रायल बंद," तो म्हणाला. "माझी चूक झाली. उद्यापासून जुनी पद्धत. नागोरावभाई, पिवळं पुस्तक काढा. सही तुमची."

हेच वाक्य ऐकायला नागोराव तीन महिने खुर्चीत बसले होते. आता ते आलं होतं, आणि फक्त मान हलवायची होती.

त्यांनी खिशातला फोन काढला, दोन्ही फोटो उघडले आणि टेबलावर ठेवला. "हे बघा. दहा बावन्न, दहा चोपन्न. चारही ग्रुपमध्ये मी एकटा होतो. मी सगळ्यांचा आवाज बंद केला होता. रागाने केला होता."

एकनाथ सर म्हणाले, "अहो नागोराव, तुम्ही कशाला अंगावर घेताय? पद्धतच चुकीची होती."

"पद्धतीत खोट होतीच. पण सर, जुन्या पद्धतीत तो पंप सहा वर्षं जळत होता. तुम्ही तीन अहवाल लिहिले, मी सील बदलत बसलो. ज्याला ठाऊक होतं त्याच्यापर्यंत आपण दोघंही गेलो नाही. सगळं परत वर नेलं तर उद्या सुजीत पुन्हा तोंड उघडणार नाही."

"मग करायचं काय?" मेहुलने विचारलं. विचारण्यात चीडही होती आणि आशाही.

नागोरावांनी रात्रीच मनाशी ठरवलं होतं. "तीन कामं फक्त. भरलेली लाइन उघडणं, टाकीत माणूस उतरणं, आणि विजेचं काम. या तिन्हींना कागद लागणार आणि एकाच हातातून जाणार, टीम कुठलीही असो. बाकी सगळं त्यांचं त्यांनी करावं. मला विचारूसुद्धा नये."

"एकाच हातातून म्हणजे तुमच्या?" जागृतीने विचारलं.

"हो."

"आणि मामा, तुम्ही गावाला जाल तेव्हा? ट्रायलच्या आधी, दिवाळीला तुम्ही दहा दिवस नव्हता, सर मुंबईला होते. आम्ही त्या गळक्या तोटीखाली पाच तास बादली धरून बसलो होतो."

याचं उत्तर नागोरावांनी ठरवून आणलं नव्हतं.

"हात एकच असू दे," जागृती म्हणाली, "पण दर पाळीला ज्याचं नाव फळ्यावर असेल त्याचा. त्या पाळीपुरता तो मालक. वय बघायचं नाही, हुद्दा बघायचा नाही, काम येतं की नाही तेवढं बघायचं. असे पाचजण तुम्ही शिकवून तयार करायचे, सहावे तुम्ही."

एकनाथ सरांनी मान उडवली. "उद्या लोडर माझ्या कामाला नाही म्हणेल."

"म्हणू दे की," नागोराव म्हणाले. आपल्या तोंडून हे कसं निघालं याचं त्यांनाच नवल वाटलं. मग पुढचंही बोलून टाकलं, "आणि प्रत्येकाला आपलं एक कुलूप द्या. लाइनवर जितकी माणसं, वॉल्व्हवर तितकी कुलपं. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. शेवटचं कुलूप निघेपर्यंत कुणाच्याही म्हणण्याने वॉल्व्ह फिरणार नाही."

मेहुल लिहून घेत होता. लिहिता लिहिता थांबला. "नागोरावभाई, म्हणजे तुमची सही—"

"सहाजणांत एक," नागोराव म्हणाले. हे बोलायला त्यांना बरंच जड गेलं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

बाकीच्या पाचजणांना शिकवायला दोन महिने लागले. पहिले काही दिवस नागोराव ओरडायचेच जास्त. वॉल्व्ह न बघता कागद लिहिला म्हणून एका फिटरचं पुस्तक त्यांनी फाडून टाकलं. जागृतीने मात्र त्यांनाच विचारून विचारून भंडावलं. लाइन रिकामी आहे हे कशावरून? हात लावून कळतं म्हणता, पण थंड ॲसिड असेल तर? नागोरावांना या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. दोघांनी मिळून ते पाइपांच्या नकाशावर शोधलं आणि प्रत्येक लाइनच्या तळाला तपासणीची छोटी तोटी बसवून घेतली. सुजीत परतला तो काठी घेऊन. पोती उचलणं डॉक्टरांनी बंद केलं होतं. नागोरावांनी त्याला शिकाऊ सातवा म्हणून घेतलं, तेव्हा एकनाथ सर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. ग्रुप चालूच राहिले. नागोरावांनी ज्ञानेश्वरीला न विचारता त्यांचे आवाज स्वतः चालू केले. जेवताना फोन वाजला की राहीबाई वैतागायच्या. "आता याला जेवायला वाढू का?"

सगळं सुरळीत झालं असंही नाही. दोन टीममध्ये अजून भांडणं होतात, आणि कागदाला उशीर झाला की कुणीतरी जुने दिवस काढतंच.

मार्चमधली एक दुपार. भिवंडीला जायचा माल अडला होता, कारण निळ्या टाकीची लाइन तुंबली होती. नागोराव पाना घेऊन निघाले. फळ्यावर जागृतीचं नाव होतं.

"मामा, थांबा. वॉल्व्हवर गाळणीकडचं एक कुलूप अजून आहे, म्हणजे पलीकडे लाइनवर कुणाचं तरी काम बाकी आहे."

"अगं, लाइन रिकामी आहे. मी आत्ता तळाची तोटी उघडून बघून आलो."

"मी नाही बघितली. आणि ज्याचं कुलूप आहे तो चहाला गेलाय."

"बोलव त्याला."

"बोलावलाय. चहा पिऊन येईल."

नागोरावांचा चेहरा लाल झाला. या पोरीला नट कुठल्या बाजूला फिरतो हे त्यांनी शिकवलं होतं. पण त्यांनी उपडं पिंप ओढलं आणि दाराशी बसले.

दहा मिनिटांनी मेहुल लगबगीने आला. "नागोरावभाई, गाडी उभी आहे. काय झालं?"

"परमिट नाही मिळालं अजून."

"तुम्हाला?" मेहुलला हसावं की रागवावं कळेना. तो आत जायला वळला. "थांबा, मी जागृतीला सांगतो."

"नका सांगू," नागोराव म्हणाले. त्यांनी उठून त्याचा रस्ता अडवला नाही, पण आवाज असा होता की मेहुल जागीच थांबला. "तुम्ही सांगितलं तर ती सही करेल. आणि मग उद्यापासून सगळे तुमच्याकडेच येतील."

मेहुलने फळ्याकडे बघितलं. आत जागृती वॉल्व्हपाशी वाकून कुलपांवरची नावं वाचत होती. तिने मागे वळून बघितलं नाही. मग खिशातून फोन काढून मेहुलने भिवंडीच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, माल तासभर उशिरा निघेल.